बडोद्याहून जर्मनीत एमएसला जाताना: कागद, पैसे आणि पहिले पंधरा दिवस

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी लागत नाही, हे आता बडोद्यातल्या घराघरांत माहीत आहे. माहीत नसतो तो कागदांचा क्रम. चांगले गुण असलेल्या, प्रवेशपत्र हातात पडलेल्या मुलांचे सत्र हुकते ते वडिलांच्या नावापुढे कुठेतरी 'भाई' लागल्यामुळे, बँकेतून वीस युरो कमी पोहोचल्यामुळे किंवा आजोबांच्या नावावरच राहिलेल्या घरामुळे. या तिन्ही गोष्टी वर्षभर आधी कळल्या तर सोप्या आहेत, जुलैत कळल्या तर मात्र फार अवघड.

हे मार्गदर्शन इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाची पदवी घेऊन मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांचे नियम वेगळे असतात.

१. आधी उलटी मोजणी करा

जर्मनीतले हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर भरू लागतात. तिथून मागे मोजत या:

- आदल्या वर्षीचा जून ते ऑगस्ट: पासपोर्ट, सगळ्या कागदांवरच्या नावांची तपासणी, आयईएलटीएस किंवा टोफेल
- सप्टेंबर ते नोव्हेंबर: विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा), एपीएसचा (शैक्षणिक कागद खरे असल्याच्या प्रमाणपत्राचा) अर्ज, कर्ज घ्यायचे असेल तर घराचे कागद
- डिसेंबर ते मे: विद्यापीठांचे अर्ज
- एप्रिल ते जुलै: निकाल, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचे खाते), विमा, व्हिसा
- सप्टेंबर: प्रवास

'शेवटची तारीख १५ जुलै' हे वाक्य ऐकून निवांत राहू नका. ती तारीख काही विद्यापीठांची आहे. भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतल्या अर्जदारांसाठी अनेक ठिकाणी ती मार्चमध्ये किंवा मेअखेर संपते. शिवाय १५ जुलैला अर्ज करून ऑगस्टमध्ये प्रवेश मिळालाच, तर व्हिसासाठी वेळ उरत नाही.

२. सगळ्या कागदांवर एकच नाव

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बडोद्यातल्या मराठी घरांत नावाचा गोंधळ इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतो, आणि त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण म्हणजे प्रत्यय. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'माधवराव', आधारवर 'माधव', आणि एमजीव्हीसीएलच्या लाइटबिलावर किंवा रेशनकार्डावर 'माधवभाई'. आईच्या नावापुढे कुठे 'बेन', कुठे 'बाई', कुठे काहीच नाही. इथल्या खिडकीवर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. परदेशातल्या कारकुनाला मात्र ती तीन वेगळी माणसे दिसतात.

दुसरे कारण क्रम. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. ऑनलाइन अर्ज भरताना गुणपत्रिका समोर ठेवून टाइप केले, की आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते. अर्ज भरताना समोर फक्त पासपोर्ट ठेवा.

तिसरे कारण स्पेलिंग. गायकवाडमध्ये एका कागदावर 'आय' आणि दुसऱ्यावर 'ई'. दीक्षितमध्ये कुठे एक 'आय', कुठे दोन 'ई'. मूळ नोंद गुजरातीत, तिचे इंग्रजी प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाने केलेले.

तपासायचे कसे? एका कोऱ्या पानावर डावीकडे कागदांची यादी लिहा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी, बारावी, प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट, बँक पासबुक. समोर तीन रकाने करा: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. प्रत्येक कागदावरचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जसे आहे तसे उतरवा. आईवडिलांचे पॅन आणि आधारही याच यादीत घ्या, कारण पैसे त्यांच्या खात्यातून जाणार आहेत. तासाभराचे काम आहे. ते झाले की काय दुरुस्त करायचे हे डोळ्यांना दिसते.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. जो कागद बदलणे सगळ्यात कठीण, तो पाया माना. म्हणजे बहुधा दहावीची गुणपत्रिका आणि पदवी. आधार, पॅन आणि पासपोर्ट त्यांच्याशी जुळवून घ्या. जन्मदाखल्यातली चूक महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्त होते. त्यासाठी आईवडिलांची ओळखपत्रे आणि शाळेचा दाखला बरोबर न्या. नुसता 'राव' किंवा 'भाई'चा फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे नोटरीपुढचे इंग्रजी प्रतिज्ञापत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोगंदनामा म्हणतात ते, बहुतेक वेळा पुरते. नाव किंवा आडनावच वेगळे असेल तर गुजरात सरकारच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, अशी वेळ आली तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक अर्जाला जोडावे.

जन्मस्थळाचेही तसेच. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९७४ पासून वडोदरा आहे, तरी 'बरोडा' लिहिलेले कागद अजून निघतात. पासपोर्टवर जे छापले आहे तेच सगळीकडे लिहा.

३. पासपोर्ट

बडोद्याचे पासपोर्ट सेवा केंद्र अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानांची २०००, आणि तत्काळसाठी २००० रुपये वर. घाई नसेल तर तत्काळच्या फंदात पडू नका.

पासपोर्टवर दोनच रकाने असतात: दिलेले नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव 'दिलेल्या नावा'च्या रकान्यात टाकायचे की नाही, हे एकदाच ठरवा. टाकले तर जर्मन कार्यालये ती दोन्ही तुमचीच पहिली नावे समजतात आणि विमा कार्ड, बँक कार्ड, विद्यापीठाचे ओळखपत्र सगळीकडे 'रोहन माधव' असे छापून येते. त्यात चूक काही नाही, फक्त मग विमानाचे तिकीटही तसेच हवे. आडनावाचा रकाना रिकामा मात्र कधीच ठेवू नका.

४. ट्रान्स्क्रिप्ट आणि तो एक आकडा

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर ट्रान्स्क्रिप्टसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स चालत नाहीत. कलाभवनातून इंजिनिअरिंग केलेल्यांनी आणि विज्ञान शाखेतल्यांनीही किमान पाच सीलबंद संच मागून ठेवावेत. परीक्षेच्या आणि पदवीदानाच्या हंगामात कार्यालयावर ताण असतो, तेव्हा अर्ज त्याआधी टाका.

कागद हातात आला की सगळ्यात आधी एक गोष्ट शोधा: उत्तीर्ण होण्यासाठी लागणारा किमान ग्रेड किंवा किमान गुण त्यावर छापले आहेत का. कारण जर्मन विद्यापीठे आपला ग्रेड त्यांच्या मापात बदलतात तो एका सूत्राने. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. कमाल गुणांतून किमान उत्तीर्ण गुण वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा आणि त्यात एक मिळवा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास.

समजा तुमचा सीजीपीए १० पैकी ८ आहे. किमान उत्तीर्ण ग्रेड ४ असेल तर २ भागिले ६, गुणिले ३, म्हणजे १; अधिक १, उत्तर २.०. तोच किमान ग्रेड ५ धरला तर २ भागिले ५, गुणिले ३, म्हणजे १.२, उत्तर २.२. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, पण जिथे चुरस आहे तिथे २.० आणि २.२ यांच्यात प्रवेशाचा फरक पडतो. किमान ग्रेड कागदावर नसेल तर तपासणारा आपल्या अंदाजाने धरतो. म्हणून ग्रेडिंग पद्धतीचे सहीशिक्क्याचे पत्र विद्यापीठाकडून वेगळे मागून घ्या.

त्याच फेरीत आणखी एक कागद मिळवा: प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास आणि क्रेडिटसह, विभागप्रमुखांच्या सहीने. जर्मन विद्यापीठ 'मेकॅनिकल इंजिनिअर' या शब्दावर जात नाही. गणित किती, यंत्रशास्त्र किती, प्रोग्रॅमिंग किती, हे विषयवार मोजते.

तीन वर्षांची बीएससी किंवा बीसीए असेल तर अर्ज करण्याआधीच त्या त्या अभ्यासक्रमाच्या अटी वाचा. काही ठिकाणी ती चालते, काही ठिकाणी चालत नाही, आणि एजंटच्या 'होऊन जाईल'वर विसंबून अर्जाचे पैसे घालू नयेत. तुमचे विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का, हे अनाबिन या जर्मन सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. नावासमोर 'एच प्लस' असेल तर मान्य.

५. एपीएस

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते. तुमच्या शैक्षणिक कागदांची खातरजमा करून दिल्लीचे एपीएस कार्यालय ते देते. फी १८,००० रुपये. एकदा मिळाले की मुदत संपत नाही, त्यामुळे लवकर काढण्यात तोटा काही नाही.

लागणारे कागद: पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, भाषेच्या परीक्षेचा निकाल असेल तर तो, आणि फी भरल्याची पावती. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्यांनी सांगितलेला संच पाठवायचा.

अडते ते इथे: एखाद्या सेमिस्टरमध्ये केटी, म्हणजे राहिलेला विषय असेल, तर नापास झालेली गुणपत्रिका 'काय दाखवायची' म्हणून लोक वगळतात. ती वगळू नका. पहिल्या प्रयत्नाची आणि नंतरची, दोन्ही लावा. विद्यापीठाच्या नोंदी तपासल्या जातात, आणि लपवलेली गुणपत्रिका सापडली तर संशय संपूर्ण अर्जावर येतो. केटीमुळे जर्मनीचा रस्ता बंद होत नाही. लपवण्यामुळे होतो.

अपोस्टिलवर, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदांवर मारून घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर, मात्र खर्च करू नका. भारताने अपोस्टिल करार २००५ साली स्वीकारला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतला, त्यामुळे आपली अपोस्टिल जर्मनीत ग्राह्य धरत नाहीत. 'सगळ्या मार्कशीटना शिक्के मारून देतो' म्हणणारे बरेच भेटतील.

६. विद्यापीठे आणि अर्ज

डाड या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथून दहा-बारा निवडा आणि प्रत्येकाच्या अटी विद्यापीठाच्याच पानावर जाऊन वाचा.

'फी नाही' यालाही अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्लस्रूह, हायडेलबर्गकडे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्री ४००० ते ६००० युरो फी लावली आहे. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सत्रशुल्क.

अलकापुरी-सयाजीगंजात ज्या सल्लागारांच्या पाट्या दिसतात, त्यांतले बरेच जण 'आम्ही तुमच्याकडून काही घेत नाही' असे सांगतात. मग त्यांना पैसे कोण देते, हे विचारा. खासगी विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, सरकारी विद्यापीठे देत नाहीत. म्हणून फुकट सल्ला बहुतेकदा खासगी संस्थेकडे वळतो, जिथे वर्षाला दहा-बारा हजार युरो फी असते. खासगी म्हणजे वाईटच असे नाही, पण फुकट शिक्षणासाठी निघालेल्या घराला हा फरक अर्जाआधी कळायला हवा.

काही विद्यापीठे अर्ज थेट घेतात, काही युनि-असिस्ट या सामायिक संस्थेमार्फत. युनि-असिस्टला एका सत्रासाठी पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो पडतात. पैसे पोहोचल्याशिवाय ते अर्ज उघडत नाहीत, आणि तपासायला त्यांना काही आठवडे लागतात. शेवटच्या तारखेच्या किमान सहा आठवडे आधी अर्ज पूर्ण ठेवा.

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे चालतो. बहुतेक ठिकाणी ६.५ लागतो. 'माध्यम इंग्रजी होते' हे कॉलेजचे पत्र काही विद्यापीठे घेतात, सगळी नाही. आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, इथेच शिकून जा. भाडेकरार, दवाखाना, अर्धवेळ काम, सगळे जर्मनमध्ये चालते. मराठी माणसाला जर्मन व्याकरणाची भीती कमी वाटायला हवी: तीन लिंगे आपल्याकडेही आहेत आणि विभक्ती आपण शाळेत पाठ केलेली आहे.

७. पैसे

किती लागतात

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. अर्जाच्या वेळी दूतावासाच्या पानावर पुन्हा पाहून घ्या. जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. एकदम काढता येत नाहीत.

युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे सुमारे १२ लाख होतात. त्याशिवाय विमान, एपीएस, अर्ज, व्हिसा, घराचे डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे सामान यासाठी आणखी तीन ते साडेतीन लाख वेगळे धरा. हा दुसरा आकडा लोक विसरतात. डिपॉझिट थंड भाड्याच्या, म्हणजे हीटिंग वगळून असलेल्या भाड्याच्या, तिपटीपर्यंत मागता येते, आणि ते ब्लॉक्ड अकाउंटच्या पहिल्या ९९२ युरोंतून निघत नाही.

कर्ज आणि जुनी घरे

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. इथेच रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीच्या आतल्या जुन्या घरांचा प्रश्न येतो. घर आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर, सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर वारस चढलेलेच नाहीत, एक काका पुण्याला, आत्या इंदूरला. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि फाइल परत येते.

तुमचे घर असे असेल तर क्रम असा: आधी मृत्यूदाखले आणि पेढीनामा (वंशावळीचा दाखला), मग प्रॉपर्टी कार्डावर वारसाई, मग ज्यांना हक्क नको आहे त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. सगळे राजी असले तरी यात महिने जातात. राजी करण्यात त्याहून जास्त. म्हणून हा विषय गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा काढा, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे. ते जमणारे नसेल तर मुदत ठेव, विमा पॉलिसी किंवा दुसऱ्या नातेवाइकाचा फ्लॅट तारण म्हणून चालतो का, हे शाखेत विचारा.

केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे. परदेशासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. गुजरात सरकारची विदेश अभ्यास कर्ज योजना आहे: १५ लाखांपर्यंत, ४ टक्के व्याजाने. प्रवर्गानुसार महामंडळ वेगळे आणि उत्पन्नाची अट वेगळी. अर्ज करण्याआधी चालू वर्षाची अट तपासा, आणि उत्पन्नाचा दाखला ताजा काढा.

शिष्यवृत्ती मिळत असेल तर करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही करा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा त्यांनी परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. आजच्या शिष्यवृत्त्यांतही परत येण्याच्या, ठरावीक काळ काम करण्याच्या किंवा रक्कम फेडण्याच्या अटी असू शकतात.

पैसे पाठवताना

- बँकेत प्रवेशपत्र आणि पासपोर्टची प्रत द्या आणि कारण 'परदेशी शिक्षण' असेच नोंदवा. त्याचा कोड एस०३०५. हे नोंदले नाही तर 'इतर कारण' धरून २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जाऊ शकतो.
- एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठीचा कमी दर लागतो, आणि मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर काहीच लागत नाही. कापला गेलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या विवरणपत्रात तो परत मागता येतो.
- मधल्या बँकांचे शुल्क 'आमच्याकडे' असा पर्याय फॉर्मवर निवडा, त्याला ओयूआर म्हणतात. नाहीतर वाटेत पंधरा-वीस युरो कापले जातात, खात्यात ११,८८५ पोहोचतात आणि व्हिसासाठीचे प्रमाणपत्र तयारच होत नाही. तेवढ्या वीस युरोंसाठी पुन्हा सगळा फॉर्म, पुन्हा चार-पाच दिवस. सावधगिरी म्हणून पन्नास युरो जास्तच पाठवा.

८. व्हिसा

गुजरात जर्मनीच्या मुंबई वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतो; अर्ज आणि बोटांचे ठसे अहमदाबादच्या व्हीएफएस (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात. विद्यार्थी अर्ज आता आधी ऑनलाइन पोर्टलवर भरून कागद अपलोड करायचे असतात, तपासणी झाल्यावर भेटीची वेळ मिळते. फी ७५ युरोंइतके रुपये.

बरोबर न्यायचे:

- पासपोर्ट आणि त्याच्या प्रती
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय
- प्रवेशपत्र
- एपीएस प्रमाणपत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचे किंवा शिष्यवृत्तीचे पत्र. कर्जमंजुरीचे नुसते पत्र याची जागा घेत नाही
- प्रवास विमा आणि तिथल्या आरोग्य विम्याची पूर्वनोंदणी
- शैक्षणिक कागद, भाषेचा निकाल, बायोडेटा
- हाच अभ्यासक्रम का, याचे एक-दीड पानी पत्र

पत्राबद्दल एकच सूचना. ते नेटवरून उचललेले असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळते. पदवीत कोणता प्रकल्प केला, त्यातला कुठला प्रश्न पुढे शिकायचा आहे, त्या विद्यापीठातला कोणता विषय त्याला लागू पडतो, एवढे साध्या इंग्रजीत लिहा.

नकार आला तर १ जुलै २०२५ पासून पूर्वीसारखी दूतावासाकडे फेरविचाराची मागणी करता येत नाही. नवा अर्ज किंवा जर्मन न्यायालय, हेच मार्ग उरलेत. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण असू द्या. तिकीट काढताना आठ ते बारा आठवड्यांचा अवधी धरा आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नका.

९. बॅगेत काय नको

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा, पनीर, लोणी, काही नाही. आजीने बरणी कितीही घट्ट बांधून दिली तरी कस्टमवर ती काढून घेतात. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डाळी, चकली, बाकरवडी खुशाल न्या; घरगुती पुड्यांवर इंग्रजीत काय आहे ते लिहा. विमान आखाती देशातून जाणार असेल तर खसखस घरीच ठेवा. तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते.

औषधे तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चष्म्याची जादा जोडी इथूनच करून न्या, तिथे महाग पडते. आपले तीन पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. दोन अ‍ॅडॅप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात कधीच टाकू नका.

१०. घर शोधताना

प्रवेशपत्र आले त्याच दिवशी श्टुडिएरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांच्या संस्थेकडे अर्ज टाका. प्रतीक्षायादी लांब असते. खासगी खोली शोधताना एक नियम मोडू नका: खोली तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' अशी मेल आली की ती फसवणूकच समजा. खोली मिळाली नाही तर पहिले दोन आठवडे होस्टेल बुक करून जा. मात्र तिथे पत्त्याची नोंदणी करता येते का, हे आधी विचारून घ्या.

११. पोहोचल्यावरचे पंधरा दिवस

पत्त्याची नोंदणी: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात अनमेल्डुंग करावे लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, तुम्ही इथे राहता असे सांगणारा फॉर्म लागतो; किल्ली घेतानाच तो मागा. कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून ती बडोद्यातूनच बुक करून निघा.

पत्रपेटी: घराच्या पत्रपेटीवर तुमचे आडनाव पहिल्या दिवशी चिकटवा. जर्मनीत कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, निवास परवान्याची तारीख, सगळे टपालाने येते, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. अनेकांची बँक खाती एवढ्यामुळे महिनाभर अडकतात.

बँक आणि ब्लॉक्ड अकाउंट: चालू खाते उघडा, त्याचा आयबान (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला अनमेल्डुंगच्या कागदासह पाठवा. पहिले ९९२ युरो यायला काही दिवस लागतात. तोवरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्डावर हजार-दीड हजार युरो ठेवा.

विमा: वय तिशीच्या आत असेल तर सरकारी विद्यार्थी विमा घ्या, दरमहा साधारण १४० ते १५० युरो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेतला तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही.

प्रसारण शुल्क: घरी टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो भरावे लागतात. पत्र आले की फेकू नका. सामायिक फ्लॅटमध्ये एकानेच भरायचे असते. तो क्रमांक देऊन बाकीच्यांनी आपली नावे काढून घ्यायची.

निवास परवाना: व्हिसाची मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज करा. वेळ मिळाली नाही तरी मुदतीच्या आत अर्ज केल्याचा पुरावा जपा.

काम: विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, विद्यापीठातले सहायकाचे काम त्यात मोजत नाहीत. पहिल्या सत्रात कमाईवर खर्चाचा हिशोब बांधू नका. नोकरीसाठी कर क्रमांक, आयबान आणि विम्याचा कागद लागतो, आणि वर सांगितलेली पत्रपेटी नीट असेल तर हे तिन्ही तीन-चार आठवड्यांत हातात येतात.